‘माझं’ म्हणणारी

टक्. करवंटीचं ओगराळं मडक्याच्या काठावर आपटलं.

भर दुपारी, खांबांवरच्या घराखाली कोंबड्याही पेंगत असताना, तेवढा आवाज पुरे होता. तांदूळ निवडता निवडता सैफिनचा हात थांबला. फाटकाशी छोट्या छपराखाली पाण्याचं मडकं होतं, जाणाऱ्या-येणाऱ्यासाठी. गावात प्रत्येक दारापुढं असतं. कोण प्यालं, ते कुणी विचारत नाही. आता तिथं कुणीच नव्हतं. ओगराळं तेवढं खुंटीवर हलत होतं आणि त्यातून थेंब गळत होते.

“येऊन गेली,” चटईवर पालथी पडलेली नुआन म्हणाली. तिला नुकतं पाचवं सरलं होतं.

“कोण गं?”

“मला घेतलेली आई.”

सैफिन हसली. घेतलेली आई म्हणजे खामनोई, तिची जिवाभावाची मैत्रीण. ती समुद्राकाठी मासळीच्या कारखान्यात होती आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशी गावी येणार होती. सैफिननं लेकीला तसं सांगितलंही. नुआननं मान हलवली. ती वेगळी, म्हणाली. ही रोज येते.

मूल जन्मलं की तीन दिवस ते भुतांचं असतं. चौथ्या दिवशी सुईण त्याला सुपात ठेवून जिन्याच्या तोंडाशी आणते आणि तीनदा हाक घालते, कुणाचं आहे हे, त्यानं घेऊन जावं. आईनं ओ द्यायची नाही. आईचा जीव गुंतलाय हे कळलं, तर भुतं ते सोडत नाहीत. म्हणून दुसऱ्याच बाईनं ‘माझं’ म्हणायचं आणि मग सांभाळायला म्हणून मूल आईच्या ओटीत द्यायचं. त्या दिवशी सैफिन आतल्या खोलीत बाळंतिणीच्या शेकोटीपाशी पडून होती. पहिल्या हाकेला कुणी बोललं नाही, दुसरीलाही नाही. तोंडात पदर कोंबून ती गप्प राहिली होती. गप्प राहण्याएवढं कठीण काम तिनं त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. तिसऱ्या हाकेला बाहेरून घोगरा, दमलेला आवाज आला, “माझं.” ‘माझं’ म्हणायचं ते खामनोईनं, असं ठरलं होतं; तीच धावत आली असणार, असं तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी खामनोई आली ती सुकी मासळी आणि एक बाहुली घेऊन. “तुझा नवरा तिकडं परगावी राबतोय आणि तू इथं भात खाऊन फुगतेयस होय?” असं म्हणत तिनं सैफिनच्या दंडाला चिमटा काढला. बोलता बोलता सैफिननं पोरीचं खूळ सांगितलं. खामनोईचं हसू तोंडातच राहिलं.

“सैफिन, ती मी नव्हते.”

त्या दिवशी होडी पैलतीरी अडकली होती. ती पोचली तेव्हा हाका आटोपून बाळाच्या मनगटाला दोरा बांधून झाला होता. सैफिनच्या नणंदेनं ओ दिली असेल, असं तिला वाटलं. “आणि तू माझ्या गळ्यात पडून रडायला लागलीस, तू होतीस म्हणून पोर वाचली म्हणालीस. मग कुठल्या तोंडानं सांगू?”

नणंद तर त्या दिवशी गावातच नव्हती.

दोघी तशाच बुआपान आजीकडं गेल्या. नुआनसाठी हाक घालणारी सुईण तीच. आवाज फाटकाकडून आला होता, एवढं तिनं कबूल केलं. तिनं वळून पाहिलं नव्हतं; ओ आली की पाहत नाहीत. खामनोईनं विचारलं, की आज पुन्हा सूप धरलं आणि आता मी म्हटलं तर?

“एकदा दिलेलं मूल परत सुपात घेत नाहीत, पोरी,” म्हातारी म्हणाली. “तिसरी हाक रिकामी गेली असती तर पोर भुतांचीच झाली असती. कुणाला तरी दया आली. दया आली, एवढंच धरून चाला.”

सैफिनला ते धरता येईना. घरी येताच तिनं मडकं रिकामं केलं, पालथं घातलं आणि ओगराळं आत नेऊन टाकलं.

त्या संध्याकाळपासून नुआननं पाणी सोडलं. शहाळं नको, कांजी नको. रडली नाही, हट्ट केला नाही. तिला नाही तर मलाही नको, एवढंच म्हणाली. खामनोई उशाशी बसून तिचे ओठ ओल्या फडक्यानं पुसायची, तेवढंही पोर थुंकून टाकायची. दुसऱ्या दुपारी अंग तापलं. ओठांना चिरा पडल्या. सैफिन तिच्याकडं पाहत राहिली. दूध मी पाजलं, जागरणं मी काढली, आणि ती एका शब्दावर आई झाली. मनात आलेल्या त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली.

मग ती उठली. मडकं घासलं, विहिरीचं गार पाणी भरलं, ओगराळं खुंटीला लावलं. फाटकाकडं तोंड करून हात जोडले.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही बोललात म्हणून ही आहे. पाणी तुमचंच, कधीही या. पण हिला न्यायचं असेल, तर मला तोंडावर सांगा.”

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

मागून जिना करकरला. नुआन एकेक पायरी बसत बसत उतरत होती. खामनोईनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. मडक्यापाशी येऊन ती घटाघटा प्याली, एक ओगराळं, मग दुसरं. सैफिन तिथंच मातीत बसली. नुआननं तिसरं ओगराळं भरलं आणि टाचा उंचावून, दोन्ही हातांनी वर धरलं, उभ्या बाईच्या तोंडाशी यावं तसं. पाणी सांडलं नाही. हळूहळू कमी होत गेलं.

रिकामं ओगराळं खुंटीला लावून पोर मान कलती करून उभी राहिली, कुणी कानाशी बोलत असावं तशी. मग येऊन आईच्या मांडीत शिरली. ताप उतरत चालला होता.

“न्यायला नाही आली ती,” नुआन म्हणाली. “तिचं पण बाळ होतं, सुपात. तिला पण गप्प बसायला लावलं होतं. आई, त्याला कुणीच कसं ‘माझं’ म्हणालं नाही?”