चंदूभाऊंचे डबे

शेजारच्या दर्शनावहिनी पातेल्यातली उकळती आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतणार, तेवढ्यात चंद्रप्रकाश घाडीने तो डबा त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"भाऊजी, हे काय?"

"हा परत द्या. स्टीलचा आणून देतो."

"तुम्हीच तर दिला होतात ना, आमच्या प्रांजलच्या बारशाला."

तेच तर चंद्रप्रकाशला खात होतं. त्याची सगळी नोकरी गोरेगावच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात, मोल्डिंग मशीनवर गेली होती. झाकण जरा वाकडं बसलेले, रंगात ठिपका पडलेले डबे शेठ कामगारांना देऊन टाकायचा. चंद्रप्रकाश ते पिशवी भरभरून घरी आणायचा. जोगेश्वरीतल्या त्यांच्या इमारतीत बारसं असो, पूजा असो, चंदूभाऊंचा डबा ठरलेला. फार बोलणारा माणूस नव्हता तो. त्याची ओळख होती ती त्या डब्यांमुळेच.

निवृत्तीनंतर लघवीचा त्रास सुरू झाला. बायकोला, सुलक्षणाला, त्याने उष्णता वाढली म्हणून सांगितलं आणि शहाळी पीत बरेच दिवस ढकलले. शेवटी रक्त तपासलं, मग तुकडा काढून तपासला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. गाठ ग्रंथीच्या आतच होती, उपचाराने बरं होण्याची आशा चांगली होती.

डॉक्टरांनी त्याच्या कामाची आणि खाण्याची चौकशी केली. मटण, तळलेलं कमी करा, पालेभाज्या, डाळी वाढवा, असं सांगितलं. गरम जेवण प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, म्हणाले. प्लॅस्टिकमधली काही रसायनं अंगात गेल्यावर हार्मोनसारखी वागतात, आणि प्रोस्टेट तर हार्मोनच्याच तालावर चालणारी ग्रंथी. पण हा संशय आहे, अभ्यास चालू आहेत; तुमचा आजार त्यानेच झाला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वय असतं, घराण्यात असतं, खाणंही असतं.

चंद्रप्रकाशने सगळं ऐकलं, पण डोक्यात राहिलं ते प्लॅस्टिकचं. मशीनमधून निघणारा तो गरम, गोडसर वास पुन्हा नाकात बसला. मुलगा सुयोग म्हणाला, पप्पा, डॉक्टर काय म्हणाले ते पूर्ण ऐकलंत का, शांत बसा ना जरा. सुलक्षणाने घरातले डबे निमूटपणे बाहेर काढले. तरी त्याला बसवेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा, खाली जाऊन वर यायचा. आज सकाळी पिशवी घेतली आणि दारोदार सुटला.

कोणी हसले. कोणी डब्यात खिळे ठेवलेत म्हणून दिला नाही. कारण विचारलं की तो नुसतं म्हणायचा, माल खराब होता.

दर्शनावहिनींना मात्र ते पटलं नाही. हातातलं पातेलं खाली ठेवून त्या म्हणाल्या, खरं काय ते सांगा.

"वहिनी, मला कॅन्सर झालाय. प्रोस्टेटचा," तो म्हणाला. घराबाहेर त्याने हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला. "डब्यानेच झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण यात गरम ओतू नका. मला चैन पडत नाही."

बाहेरच्या खोलीत वहिनींचा नवरा, सीताराम, पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

चंद्रप्रकाश जिना उतरू लागला, तसा मागून सीताराम अनवाणीच आला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून आवाज चढवणारा हा माणूस विजेच्या मीटरांपाशी उभा राहून गावच्या मालवणीत कुजबुजला.

"चंदू, पयल्यांदा काय जाणवला तुका?"

"धार बारीक झाली. रात्री सारखा उठूक लागला. कित्याक?"

सीताराम मीटरकडे बघत म्हणाला, "माका वरीस झाला."

"वहिनीक सांगलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. चंद्रप्रकाशच्या तोंडी शिवी आली होती, पण आपणही तेच केलं होतं हे आठवून ती त्याने गिळली.

"सगळ्यांकच कॅन्सर नसता. नुसती ग्रंथी वाढलेली पण असता," तो म्हणाला. "उद्या माझ्यावांगडा डॉक्टराकडे चल."

संध्याकाळी तो डब्यांची पिशवी भंगारवाल्याकडे घेऊन गेला. याचं पुढे काय करणार, त्याने विचारलं. वितळवून काहीपण बनेल, डबेसुद्धा, भंगारवाला म्हणाला. चंद्रप्रकाशने पिशवी उचलून परत खांद्याला लावली. घरी परत न्यायचे तरी कशाला? त्याने पिशवी वजनकाट्यावर रिकामी केली, आणि त्या रात्रीही त्याला झोप लागली नाही.

सीतारामच्या रक्ताच्या तपासणीत आकडा जास्त आला. पुढच्या आठवड्यात त्याचाही तुकडा काढायचं ठरलं. तोवर दर्शनावहिनींना सगळं कळलं होतं. त्या रागावल्या, रडल्या, आणि तुकडा काढायच्या दिवशी हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आत न्यायच्या आधी नर्सने अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगितलं. सीतारामने घड्याळ काढलं, बोटातून न निघणारी अंगठी थुंकी लावून काढली. शेवटी चष्मा. बिनचष्म्याचा त्याचा चेहरा एकदम लहान वाटायला लागला.

"दुखता काय रे?" त्याने विचारलं.

"थोडा," चंद्रप्रकाश म्हणाला.

दार बंद झालं. घड्याळ आणि अंगठी चंद्रप्रकाशने आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. चष्मा खिशात दबून मोडेल म्हणून हातातच धरून, काचांना बोटं लागू न देता, तो बाकावर बसून राहिला.