अकरा भिंतींवरचा नंबर

सकाळी साडेपाचला मीना भोये उठली. चुलीत काटक्या सारून तिने पातेल्यात पाणी ठेवले, उकळी फुटल्यावर त्यात नागलीचे पीठ सोडले आणि उकड निवेपर्यंत अंगण झाडून घेतले. चार भाकरी झाल्या. दोन घरात ठेवल्या, दोन खुरासणीच्या चटणीसोबत फडक्यात बांधल्या. मग खांद्याची पिशवी भरली: तान्ह्या मुलांना तोलायची झोळी आणि काटा, थर्मामीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र, लोहाच्या गोळ्या, कापूस, स्पिरिटची बाटली, नोंदवही. बारा वर्षे आशा सेविकेचे काम केल्यावर हा क्रम तिच्या हातांनाच पाठ झाला होता. सगळ्यात शेवटी तिने पूर्वेकडच्या कोनाड्यातला फोन उचलला. घरात रेंज धरत असे ती तेवढ्याच वितीत. काल दिवेलागणीपासून एकशे बारा फोन येऊन गेले होते. तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि फोन पुढून-मागून पुसून काढला. फोन स्वच्छच होता. तरी गेले तीन आठवडे ती रोज सकाळी हे करत होती.

पेठच्या डोंगरात तिच्याकडे अकरा पाडे होते. प्रत्येक पाड्यावर, लोकांच्या सहज नजरेला पडेल अशा एका भिंतीवर, तिने स्वतः निळ्या रंगाने आपला नंबर लिहिला होता. पाड्यांवर रेंज जेमतेम. घंटी जाई, पण बोलणे होत नसे. आवाज मध्येच तुटे. म्हणून तिनेच एक रीत घालून दिली होती. एकदा घंटी वाजली तर औषध हवे आहे, वेळ मिळेल तेव्हा ये. लागोपाठ दोनदा वाजली तर कळा सुरू झाल्या आहेत, हातातले टाकून निघ. नंबर ओळखीचा असो वा नसो, घंटी मोजायचीच, कारण टेकडीवर चढलेला माणूस ज्याचा फोन चालू असेल त्याचा मागून घेई. बारा वर्षांत या दोन घंट्यांवर तिने एकसष्ट बायकांना वेळेत दवाखान्यात पोचवले होते.

आणि आता दिवसभर घंट्याच घंट्या वाजत होत्या.

पहिला फोन आला तेव्हा ती पार गोंधळून गेली होती. पलीकडचा मुलगा अतिशय अदबीने बोलत होता.

"ताई, चंदाला वाचवायचा कोड काय आहे?"

"कुठली चंदा? किती महिने झालेत तिला?"

तो खूश होऊन हसला आणि बाजूच्याला म्हणाला, अरे, उत्तर देतेय, खरंच देतेय. मग त्याने विचारले, "तुम्ही बॉट आहात का?"

"नाय, मी भोये," मीना म्हणाली.

पुढे पुढे तिला उलगडा होत गेला. नाशकात गंगापूर रोडवर एका कंपनीने 'सातवा डोंगर' नावाचा खेळ काढला होता. त्यात चंदा नावाची दिवस भरलेली बाई दवाखान्याकडे निघते आणि खेळणारा तिला एकेक डोंगर पार करवतो: ओढे, साप, काटे, तहान. तीस-तीस तास खपून माणसे तिला सहा डोंगर ओलांडून आणत, आणि सातव्याच्या पायथ्याशी एका रिकाम्या झोपडीत चंदा मरे. त्यानंतर पूर्ण एक मिनिट पडद्यावर फक्त झोपडीची भिंत दिसे. कोणतेही बटण चालत नसे. भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलेले असे: आशाताई, आणि खाली मीनाचा नंबर.

लोक खवळले. पैसे देऊन, झोप मोडून वाचवलेली बाई अशी मारतात का, म्हणून त्यांनी कंपनीच्या नावाने बोंब ठोकली. मग कुणीतरी शोध लावला की नंबर उगाच दाखवलेला नाही. तोच खरा दरवाजा आहे, त्यावर नेमके शब्द बोलले की दुसरा शेवट उघडतो. कंपनीने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. 'शोधत राहा,' एवढेच लिहिले. तेवढ्याने आगीत तेल पडले. ज्यांनी खेळ पाहिलाही नव्हता त्यांनी या भांडणापायी तो घेतला, आणि घेतल्यावर शिरस्त्याप्रमाणे मीनाला फोन केला.

सुरुवातीला कोडी घालणारे होते, मग शिव्या देणारे आले. तू झोपली होतीस का गं, असे कुणी विचारी. चंदा तडफडत होती तेव्हा कुणाच्या अंथरुणात होतीस, असे एकाने विचारले आणि मागे चारपाच जण खिदळले. न पाहिलेल्या, न जन्मलेल्या बाईसाठी हे रडत होते आणि त्याच तोंडाने तिच्याशी हे असे बोलत होते. तिला रागापेक्षा शिसारी येई. एखाद्या घाणेरड्या हाताने चाचपून ठेवलेली वस्तू आपण कानाला लावतो आहोत असे वाटे.

नंबर बदलून टाक, असे दवाखान्यातल्या वरच्या बाईंनी सांगितले होते. पण सांगणे सोपे. ज्यांना अक्षरओळख नाही अशा बायका भिंतीवरचे आकडे बघून एकेक बटण दाबत. काहींना तो ओवीसारखा पाठ होता. या क्षणी दहा गरोदर बायका तिच्या वहीत होत्या. त्यांच्यातल्या एकीने बंद पडलेला नंबर लावला तर?

तिने कंपनीला फोन केला तेव्हा ज्योत्स्ना नावाच्या मुलीने तो घेतला होता. खेळातली चित्रे तीच करी. दोन वर्षांपूर्वी पेठकडे फिरायला आली असताना तिने करंजपाड्यातल्या भिंतीचा फोटो काढला होता आणि तो जसाच्या तसा झोपडीवर चढवला होता. चूक माझीच, ताई, असे म्हणून ती रडली. आठ दिवसांत नंबर काढून टाकतो, असा शब्दही दिला. मीनाला बरे वाटले. आठ दिवस कळ काढायची, एवढेच तर होते.

आठाचे एकवीस झाले. त्या एकविसाव्या दिवशी बोरपाड्यावर लसीकरण होते. मुले रडत होती, नोंदी चालल्या होत्या आणि पिशवीतला फोन थांबत नव्हता. मीनाने त्याचा आवाज बंद केला. दीड तासाने पाहिले तर ऐंशी फोन येऊन गेलेले. त्यात लागोपाठ दोनदा आलेले बावीस. ती ते बावीस नंबर बघत राहिली. सगळे सारखेच दिसत होते.

संध्याकाळी परत येताना वाटेत निरोप मिळाला. उंबरदऱ्याच्या काळूची बायको पायल दुपारीच बाळंत झाली होती. आठवा सरत होता, पहिलटकरीण होती, अंगात रक्त कमी होते. मीनाच्या वहीत तिच्या नावाखाली लाल रेघ होती. मीना तशीच अंधार पडायच्या आत दरीत उतरली. पायल पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीत होती. पाड्यावरच्या म्हाताऱ्या शकुबाईने पोटाला खाली दाबून धरून, पोर लगेच छातीला लावून रक्त कसेबसे थोपवले होते. पोर दीड किलोचेही नव्हते. रस्त्यापर्यंत डोलीत आणि तिथून जीपमध्ये घालून मीनाने दोघांना दवाखान्यात पोचवले. दोघे वाचले.

दवाखान्याच्या ओट्यावर काळू बोलला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"टेकडीवर चढून दोनदा लावला, ताई. परत दोनदा लावला. वाजत व्हता. मंग म्हनलं, ताई दुसरीकडं कुठं आडकली आसंल. तू काय आसं न येनारी नाय."

त्याने एक शिवी दिली असती तर मीनाला सोसली असती.

तिसऱ्या दिवशी कंपनीची मोटार आली. ज्योत्स्नासोबत अमित नावाचा माणूस होता. खेळाच्या प्रसिद्धीचे काम त्याच्याकडे होते. माणूस वाईट वाटत नव्हता. चपला बाहेर काढून आला, चहा मागून घेतला, भिंतीवरच्या नागलीच्या कणसांचे कौतुक केले. मग म्हणाला की ताई, तुमचा नंबर सध्या जितका लागतो तितका एखाद्या नटाचाही लागत नसेल. लोकांच्या रागाने खेळ चौपट खपला होता. आता रविवारी नाशकात सभागृह घेतले होते. सकाळी अकरा वाजता हजार माणसे एकदम तिला फोन लावणार, ती तो उचलणार आणि दोनच शब्द बोलणार: मी निघाले. त्या क्षणी सगळीकडे नवा शेवट उघडेल आणि चंदा वाचेल. तोवर नंबर मात्र बदलायचा नाही.

"नवा शेवट कधी बनवला?" मीनाने विचारले.

"तो पहिल्यापासून तयार आहे, ताई. दोन्ही एकदमच केले. आधी रडवायचं, मग वाचवायचं. लोकांना मागायला लावून मग दिलं की त्याची किंमत राहते."

ज्योत्स्ना कपातला चहा नुसता फिरवत बसली होती. नंबर काढायचे काम अर्ध्या तासाचे होते आणि ते तिला करू दिले गेले नव्हते, हे मीनाला तिच्याकडे बघूनच कळले.

मग मीनाने पायलची हकिगत सांगितली. जेवढी घडली तेवढीच, नोंदवहीत लिहावी तशी. अमितचा चेहरा खरोखर उतरला. क्षणभर मीनाला वाटले की हा माणूस आता उठेल आणि जाऊन ते सगळे बंद करील. पण उतरलेल्या चेहऱ्यावर हळूहळू दुसरेच काहीतरी उजळू लागले.

"ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हेच तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल? असंच, साधेपणानं. बाळ मांडीवर असेल तर... लोक ढसाढसा रडतील हो."

मीनाने आपला कप खाली ठेवला.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "तुमची ती चंदा. मरते कशानं?"

अमितला प्रश्न नीट कळला नाही. "म्हणजे, बाळंतपणात."

"ते झालं. पण कशानं? रक्त जातं, झटके येतात, का मूल आडवं असतं? का वार अडकते?"

अमितने ज्योत्स्नाकडे पाहिले. ज्योत्स्नाने मान वर केली नाही.

"ते आम्ही ठरवलं नव्हतं, ताई," ती म्हणाली.

बाहेर कोंबडी खुडखुडत होती. मीनाने तिघांचे कप गोळा केले आणि विसळायला नेले. ती परत आली तेव्हा अमित रविवारी मोटार किती वाजता पाठवू म्हणून विचारत होता. तुमचं तुम्ही बघा, असे ती म्हणाली. त्याचा त्याने हवा तसा अर्थ लावला आणि हात जोडून निघाला. ज्योत्स्ना उंबऱ्याशी जरा घोटाळली. मोटारीचा हॉर्न वाजल्यावर तीही गेली.

ते बुधवारी झाले. त्याच दुपारी मीना पेठच्या बाजारात गेली. तिथून नवे सिमकार्ड, चुन्याची पुडी, निळ्या रंगाचा डबा आणि दोन बोटांचा ब्रश घेऊन आली. नवे सिमकार्ड तिने फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवले. गुरुवारी ती उंबरदऱ्यापासून निघाली. जुना नंबर आधी पत्र्याने खरवडायचा, मग चुना फासायचा, तो वाळेपर्यंत पाड्यातल्या प्रत्येक घरात जाऊन सांगून यायचे आणि मग नवे आकडे लिहायचे. पूर्वीपेक्षा मोठे, वीतभर उंचीचे. गरोदर बाई असेल तिला सोबत टेकडीवर न्यायचे आणि तिच्याच हाताने नवा नंबर दोनदा लावून घ्यायचा. हातातल्या फोनवर नव्या नंबराची घंटी वाजली की मीना तिच्या नावापुढे वहीत खूण करी. लोकांनी विचारले, जुन्याला काय झालं? तो खराब झाला, असे तिने सांगितले.

गुरुवारी चार भिंती झाल्या. शुक्रवारी ब्रशाचे केस गळू लागले तरी चार झाल्या. शनिवारी दोन डोंगर पालथे घालून उरलेल्या तीन. शेवटची भिंत खडकमाळच्या कुसाबाईच्या घराची होती. कुसाबाईची सून सातव्या महिन्यात होती. तिला दगडावर उभे करून मीनाने नवा नंबर लावायला सांगितले. पहिल्यांदा तिचे बोट चुकले, दुसऱ्यांदा लागला, आणि तिसऱ्यांदा तिने न सांगता स्वतःहून लावून पाहिला.

मीनाने वहीत नववी खूण केली. मग फोनचे झाकण उघडून जुने सिमकार्ड काढले, नखाने दुमडून त्याचे दोन तुकडे केले आणि वापरलेल्या कापसाच्या पुडीत टाकले. कुसाबाईकडून वाटीभर रॉकेल मागून तिने ब्रश धुतला, हातांवरचा निळा रंग जाईल तेवढा घालवला आणि सुनेचा रक्तदाब मोजायला बसली.