उजवीकडे वळताना

मिस्त्रीच्या बायकोने गाडी गॅरेजात आणली तीच कटकट करत. फाटकातून आत घेताना चाकं पूर्ण उजवीकडे वळवावी लागत, आणि ती वळली तसा पुढून आवाज आला, कुणी एकामागून एक बोटं मोडावीत तसा. मिस्त्री दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकलेला होता. मान वर न करताच तो म्हणाला, "कुणाची आहे? एक्सलचा जॉइंट गेलाय तिचा."

"अण्णांची," बायको म्हणाली.

मिस्त्री सरळ झाला.

अण्णा म्हणजे त्याचे सासरे. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि मग ही छोटी गाडी घेतली. सात महिन्यांपूर्वी, सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे जमले असताना ते जावयाला म्हणाले होते, "उजवीकडे वळताना गाडी कटकट करते. एकदा बघता का?" मिस्त्री खाली जाऊन आला होता. दिवसभर गाड्यांखाली झोपून कंबर धरलेली, वर ताटं मांडलेली. त्याने चाकाला एक लाथ मारली, गाडी दहा पावलं सरळ मागेपुढे केली आणि वर येऊन हात धुतले.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "कटकट करायचं वय तिचं नाही अण्णा, तुमचं आहे. कान तपासून घ्या."

सगळे हसले. मेहुण्याला तर हसता हसता ठसका लागला. अण्णाही हसले आणि खाली बघून जेवू लागले. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी गाडी चालवणं सोडलं. वय झालं, असंच सगळ्यांनी धरलं. मिस्त्रीही म्हणाला होता, वेळेत थांबले ते बरं झालं.

आज सासूबाईंना डोळे तपासायला न्यायचं म्हणून बायकोने ती गाडी बाहेर काढली होती.

मिस्त्रीने पुढची बाजू जॅकवर उचलली, खाली आधाराच्या लोखंडी घोड्या लावल्या आणि दिवा घेऊन आत सरकला. शोधावं लागलंच नाही. डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडाले होते आणि त्यावर धूळ बसून खपली झाली होती. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, त्याने बोटांनी दाबलं. घडीतली चीर ओठ उघडावेत तशी उघडली. आत ग्रीसचा टिपूस नव्हता, नुसती कचकच.

"काय झालंय?" बायकोने वाकून विचारलं.

"बूट फाटलंय. त्यातून ग्रीस बाहेर गेलं, माती आत गेली. जॉइंट खाल्ला गेला."

"कधीपासून असेल?"

"असेल दोन-तीन आठवडे," तो खालूनच म्हणाला.

तिच्या चपला त्याच्या तोंडाजवळ तशाच उभ्या राहिल्या. मग ती म्हणाली, "अहो, गाडी सहा महिने उभीच आहे."

त्याला बाहेर यावं असं वाटेना. गाडीखाली निदान तोंड तरी दिसत नव्हतं.

"म्हणजे अण्णांना ऐकू येत होतं ते खरं होतं," ती म्हणाली.

"हो."

"ते कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते, माहीत आहे? एकटेच. दोनदा. आईने मला आज सांगितलं. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत. तेव्हा त्यांना वाटलं, कान चांगले आणि तरी नसलेला आवाज येतोय, म्हणजे डोक्यात बिघाड. उद्या रस्त्यात कुणाला उडवलं तर? म्हणून चालवायची सोडली. गुरुवारी थोरल्या काकांना भेटायला जायचे, तेही बंद केलं. काका आता मुलीकडे गेले कायमचे." तिने पर्स खांद्याला अडकवली. "मी पण हसले होते त्या दिवशी. पण तुम्ही मिस्त्री आहात."

ती रिक्षाने गेली. मिस्त्रीने उरलेली दुपार त्याच गाडीला दिली. चाक उतरवलं, मोठ्या नटाला लांब पाना लावून सगळं वजन टाकलं, एक्सल ओढून काढला. जॉइंट पेट्रोलमध्ये धुतल्यावर आतल्या पोलादी गोळ्यांवरचे खड्डे दिसले. हे काम त्याने शेकड्यांनी केलं होतं. आज हात चुकत होते. क्लिप दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बोट चिरलं. नवा जॉइंट, नवं बूट, आत दाबून भरलेलं ग्रीस. दोन्ही क्लिपा आवळून झाल्यावर त्याने परत दिवा धरून बघितलं. मग आणखी एकदा. त्या दिवशी एवढं वाकायला दोन मिनिटं लागली असती.

संध्याकाळी तो गाडी घेऊन सासरी गेला. अण्णा खिडकीशी पेपर वाचत होते. जुना जॉइंट आणि फाटकं बूट त्याने पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. अण्णांनी बूट हातात घेतलं आणि अंगठ्याने चीर उघडून बघितली.

"कधीचं आहे?"

"त्या दिवशीचं. कदाचित आधीचंही. मी बघितलंच नव्हतं, अण्णा. लाथ मारली आणि वर आलो."

सासूबाई दारात येऊन थांबल्या. अण्णांनी बूट खाली ठेवून हाताला लागलेला काळा डाग रुमालाने पुसला, पण तो आणखीच पसरला.

"नाही बघितलं म्हणाला असतात तर चाललं असतं," ते म्हणाले. "दमून आला होतात. मी दुसरीकडे नेली असती."

मिस्त्रीने रिकामी पिशवी घडी करायला घेतली.

"मी रात्री पाढे म्हणून बघायचो. सगळे येतात का. बसचे थांबे म्हणून बघायचो, उलटे. हिला वाटायचं जप करतोय." सासूबाईंनी तोंड फिरवलं. "ते हसले होते ना सगळे, त्यांना सांगा."

"सांगतो."

"आत्ता सांगा."

मिस्त्रीने मेहुण्याला फोन लावला आणि अण्णांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं, लाथेसकट. मेहुणा आधी हसला, मग त्याचं हसू मध्येच तुटलं.

अण्णांनी किल्ली मागितली. दोघे खाली उतरले. मिस्त्री शेजारचं दार उघडायला गेला, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तुम्ही नको." त्यांनी काच खाली केली, समोरच्या मोकळ्या पटांगणात गाडी नेली आणि उजवीकडे गोल फिरवली. एक फेरा, दुसरा, तिसरा. मान किंचित खिडकीबाहेर. मग गाडी रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मिस्त्री चालत घरी गेला.

अण्णा आता रोज गाडी चालवतात. जावयाशी बोलणं आहे, सासूबाई पूर्वीसारखंच आग्रह करकरून वाढतात. एवढंच, की मागच्या महिन्यात मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानातून परत येत असताना दोन गल्ल्या सोडून असलेल्या गॅरेजात ती छोटी गाडी त्याला जॅकवर दिसली. खाली तिथला मिस्त्री झोपला होता आणि अण्णा शेजारी दिवा धरून उकिडवे बसले होते. त्यांनी वर बघायच्या आत मिस्त्री रस्ता ओलांडून पलीकडे गेला. बायकोला त्याने हे सांगितलं नाही.