साहेबांच्या भिंतीवरचा आकडा

दादा गेला त्याला महिना झाला नव्हता, आणि इस्पितळाने त्याच्या डोक्यावर खापर फोडायची तयारी करून ठेवली होती.

इस्पितळ मोठं. तिथल्या प्रयोगशाळेचे रक्त-लघवीचे रिपोर्ट डॉक्टरांना कॉम्प्युटरवर आणि फोनवर दिसायचे. म्हणजे पूर्वी दिसायचे. आता बटण दाबलं की पडद्यावर नुसती चकरी फिरायची, आणि तोवर पेशंट खाटेवर कण्हत पडायचा. ही सगळी व्यवस्था दादाने उभी केलेली. त्याची धाकटी बहीण, तो बसायचा त्याच खोलीत, डेटाबेस म्हणजे सगळ्या रिपोर्टांचा साठा सांभाळायची. तिला सगळे ताई म्हणत.

इस्पितळाचा कारभार बघणाऱ्या साहेबांनी सकाळीच तिच्यापुढे कागद सरकवला. रिपोर्ट रखडण्याचं कारण : दिवंगत प्रोग्रामरची सदोष रचना. खाली तिच्या सहीसाठी जागा.

"मनाला लावून घेऊ नका, ताई," साहेब म्हणाले. "विश्वस्तांना काहीतरी दाखवावं लागतं. आणि गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"बरं," ती म्हणाली. दादाला पोचवून आल्यापासून ती सगळ्यालाच बरं म्हणत होती. कोणी चहा दिला तरी बरं, कोणी गळ्यात पडून रडलं तरी बरं.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, असं लोक म्हणतात. ते म्हशीपुरतं खरं असेल. माणूस मेला की त्याच्या नावावर मणभर घाण टाकतात, कारण तो उलटून बोलत नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, वॉर्डातल्या नर्सबाई म्हणत होत्या तसा कागद आलाय का खरंच?"

"आलाय."

"ह्यांनी चूक केली असेल तर करा सही. नसेल केली तर नका करू. उद्या पोरीला कोणीतरी ऐकवेल, तुझ्या बापाने पेशंट ताटकळत ठेवले म्हणून."

"बघते, वहिनी."

मग तिने बघितलं. डेटाबेसला या घडीला कोण काय विचारतंय ते उघडून बघता येतं. तिथे एकच प्रश्न रांगेने उभा होता : इस्पितळ सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या तपासण्या मोजा. एकाची मोजणी संपायच्या आत दुसरा त्याच्या उरावर येऊन बसत होता, आणि डॉक्टरांचे साधे रिपोर्ट या गर्दीमागे चेंगरत होते.

प्रश्न दादाचाच होता. त्याची लिहायची ढब तिला पाठ होती. म्हणजे चूक त्याचीच? आत काही दुखेल म्हणून ती थांबली. काही दुखलं नाही. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढावा तसं.

पण दादा ही मोजणी पहाटे एकदाच लावायचा. ती वेळ अजून तशीच लावलेली होती. हे बाकीचे प्रश्न कुठून येत होते? ते कुठल्या यंत्रावरून येतात तो पत्ता तिने तपासला. साहेबांची केबिन.

"चष्म्या," तिने समोरच्या सहकाऱ्याला विचारलं, "साहेबांच्या केबिनमधून काय चाललंय हे?"

चष्म्या काचा पुसायला लागला. "भिंतीवरचा टीव्ही. पाहुण्यांना तपासण्यांचा आकडा वाढताना दिसला पाहिजे म्हणाले. दादा आजारी होता तेव्हा माझ्याकडून जोडून घेतला. दादाचीच मोजणी सारखी आपोआप करत राहतो."

"आणि कागद आला तेव्हा गप्प बसलास?"

"मला दोन लेकरं आहेत, ताई."

"दादाला एक आहे."

ती उठली, केबिनमध्ये गेली, कागद टेबलावर ठेवला आणि टीव्हीची वायर उपसली. आकडा विझला.

"अहो! काय करताय?"

"थांबा जरा."

थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजला. वॉर्डातून होता. रिपोर्ट धडाधड यायला लागले होते.

"वा! सुटलं की," साहेब खुलले. "पण तो प्रश्न दादानेच लिहिलेला ना? मग कागद तसा चुकीचा नाही. करून टाका सही."

"सुरी त्याची होती," ती म्हणाली. आवाज सपाट. "भाजी चिरायला केलेली. गळ्यावर तुम्ही फिरवलीत."

"तोंड सांभाळा, ताई."

"वायर परत लावते. सगळ्या डॉक्टरांना इथेच बोलवा. त्यांच्या फोनवर चकरी बघू दे आणि भिंतीवर तुमचा आकडा. मग ठरवू सही कोणी करायची ते."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, तिच्या हातातल्या वायरकडे पाहिलं, आणि कागद ओढून पहिली ओळ खोडली. वर लिहिलं : केबिनमधील टीव्हीची जोडणी.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

पेन अडलं.

"लिहा."

त्यांनी लिहिलं, आणि सहीही स्वतःचीच केली.

बाहेर जिन्यात उभं राहून तिने वहिनीला सगळं सांगितलं. पलीकडे वहिनी हमसून हमसून रडली. मग नाक ओढत म्हणाली, "तुम्हाला आता मोकळं वाटत असेल ना हो, वन्सं?"

तिने खरंच शोधून पाहिलं.

"नाही वाटत, वहिनी. पण त्याच्यावरचा आरोप खोडलाय. पोरीला सांग."