एक किलो तांदूळ आणि जुरेमाचा आवाज

मी कोंबी बोलतेय. सांतो आंद्रेमधल्या एका मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली उभी असलेली म्हातारी गाडी. तोंड चपटं, इंजिन पाठीला, चाकांत हवा नाही आणि हॉर्न कधीचाच मुका झालाय. शनिवारी मला न्यायला भंगारवाला येणार आहे, तेव्हा बोलायचं ते आत्ताच बोललेलं बरं.

जन्म जवळचाच, साओ बर्नार्दोच्या कारखान्यातला. मला जोडणारी माणसं घरून डबा आणायची आणि गरम करायला सवड नाही मिळाली की तसाच गार गिळायची. पुढे ज्या पोरांनी मला गावोगाव फिरवलं, त्यांनी आपल्या बँडचं नावच 'थंड डबा' ठेवलं होतं.

माझा पहिला मालक वाल्दोमिरो, आठवडी बाजारात केळी विकायचा. त्याला दोन मुलं. थोरला आदिल्सन माझ्या पत्र्यावर बोटांनी ताल धरायचा, आणि धाकटी जुरेमा गिऱ्हाइकांना हाका मारायची. बाजाराच्या या टोकाला ती ओरडली की त्या टोकाचे मासेवाले वळून बघायचे. "माझी पोरगी ओरडली की हिरवी केळीसुद्धा पिकतात," असं वाल्दोमिरो ज्याला त्याला सांगायचा. बापाचं कौतुक, दुसरं काय.

मोठी झाल्यावर दोघं यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागली आणि पंक संगीताच्या नादालाही लागली. सदरे फाडायचे, त्यांना पिना टोचायच्या. वाल्दोमिरो म्हणाला, "फाडायचेच होते तर आईकडून शिवून कशाला घेतलेत?" पण माझी किल्ली त्यानंच काढून दिली. गिटारला क्लोदोआल्दो, बेसला नैर, ड्रमला आदिल्सन आणि गायला जुरेमा. चौघं एकाच कारखान्यातले.

त्यांचा अल्बम निघाला, 'जादा पाळी'. एरवी साबणाच्या जाहिराती ध्वनिमुद्रित व्हायच्या त्या स्टुडिओत एका दिवसात सगळी गाणी आटोपली. मी फाटकाबाहेर उभी होते आणि भिंतीपलीकडून जुरेमा मला ऐकू येत होती. ध्वनिमुद्रण करणारा माणूस बाहेर विडी ओढायला आला तेव्हा म्हणाला, "पोरी, जरा बेतानं घे. मायक्रोफोन बहिरा नाही."

"तो नसेल," जुरेमा म्हणाली, "ज्यांच्यासाठी गाते ते आहेत."

त्या तबकडीवरचा आवाज मी जगातल्या कुठल्याही आवाजाशी बदलणार नाही. त्यात सूर कमीच होता म्हणा, पण पाळी संपवून बाहेर पडलेल्या बाईचा सगळा जीव त्यात होता.

तबकडी बाजारात आली आणि त्याच सुमारास कारखान्यात संप झाला. संपकऱ्यांसाठी चर्चच्या सभागृहात चूल पेटली. मग या चौघांनी ठरवलं, अल्बम घेऊन गावोगाव जायचं, पण तिकिटाचे पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्येकानं एक किलो धान्य आणायचं. तांदूळ, घेवडा, साखर, घरात असेल ते. सगळं संपाच्या चुलीला.

मग काय, डोक्यावर तुरे उभारलेली, तोंडाला काळं फासलेली पोरं भर दुपारी तांदळाच्या पिशव्या पोटाशी धरून रांगेत उभी राहायला लागली. सांतोसमध्ये एकानं साखर आणली ती आईच्या डब्यासकट. आई मागोमाग आली, पोराचा कान धरला आणि म्हणाली, "डबा दे मेल्या, साखर राहू दे." ती शेवटपर्यंत थांबली आणि मागच्या बाकावर बसून नाचणाऱ्यांना नावं ठेवत राहिली.

गाव संपलं की पोती माझ्यात भरायची. सांतोसचा घाट चढताना माझी पाठ तापून लाल व्हायची, पण मी कुरकुरले नाही. केळी वाहिलेली गाडी मी, घेवड्याला काय भिणार.

या पोरांची एक रीत मात्र सांगायला हवी. संपाच्या सभेत जे हात वर करून ठरेल ते ठरलं. मग मनात काहीही असो, कुणी मागे फिरायचं नाही. फिरला तो संपफोड्या, त्याच्याशी शेजारीही बोलत नसत. हीच रीत त्यांनी बँडमध्ये आणली. जेवायला कुठं थांबायचं, पहिलं गाणं कोणतं, सगळ्याला हात वर. मला गंमत वाटायची. पुढे नाही वाटली.

कुरितिबाला पोचेपर्यंत जुरेमाचा घसा बसला होता. डाळिंबाची साल उकळून झाली, मध झाला, आलं झालं, क्लोदोआल्दोनं उसाची दारूही पाजून पाहिली. शेवटी नैर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दोघी परत आल्या. नैरनं माझं दार सरकवलं आणि सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासून तोंड बंद. बोलणंसुद्धा नाही. गायली तर आवाज जाईल, आणि गेलेला परत येईलच असं नाही."

लोंद्रिनाचा कार्यक्रम राहिला होता. सगळ्यात मोठा. तिथल्या पोरांनी महिनाभर दारोदार फिरून धान्य गोळा केलं होतं.

"हात वर करू या," जुरेमा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"घसा काय मतावर टाकायची वस्तू आहे?" नैर भडकली.

"घसा माझा आहे, पण पोटं संपावरच्या सगळ्यांची आहेत," जुरेमा म्हणाली. तिनं हात वर केला. क्लोदोआल्दोचा बाप संपावर होता, घरी चार लहान भावंडं. त्यानं खाली बघत हात वर केला. नैरनं हात काखेत घट्ट दाबून धरले.

राहिला आदिल्सन. तो तांदळाच्या पोत्यावर बसला होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, आणि हात खांद्यापर्यंत उचलला.

"दादा, अर्धा हात धरत नाहीत," जुरेमा हसत म्हणाली. "वर की खाली?"

आदिल्सननं हात वर केला.

मला ब्रेक असून काय उपयोग झाला? माझ्या चाकांखाली रस्ता होता आणि आदिल्सन मला चालवत होता. त्या दिवशी रस्त्यात बिघडले असते तर बरं झालं असतं. इतर वेळी कितीदा बिघडले, पण नको तेव्हा मी शहाण्यासारखी चालले.

लोंद्रिनात सभागृह भरून माणसं दाराबाहेर माझ्यापर्यंत आली होती. जुरेमा तिसऱ्या गाण्यापर्यंत गायली. मग आतून एक आवाज आला, कापड फाटल्यासारखा, आणि पुढे नुसता ड्रम वाजत राहिला. लोकांना वाटलं, ही आपल्याला गायला सांगतेय. त्यांनी सगळी गाणी गाऊन दाखवली. टाळ्या अशा पडल्या की माझ्या काचा थरथरल्या.

परतीच्या वाटेवर ती पुढच्या आसनावर बसली होती आणि ओठ हलवून काहीतरी सांगू बघत होती. आदिल्सन म्हणत होता, "बोलू नकोस गं, बोलू नकोस." नंतर त्यालाच रडू आवरेना, मग चाक नैरनं धरलं.

घरी आलो तर संप मोडलेला. आम्ही वाटेत असतानाच मोडला होता. कितीतरी जणांना कामावरून काढलं होतं, त्यांत हे चौघेही. चूल मात्र चालूच होती, काढलेल्यांना आता जास्तच गरज होती. तो तांदूळ आणि तो घेवडा त्यांनी बरेच आठवडे खाल्ला. क्लोदोआल्दोची धाकटी भावंडं दोन्ही वेळा जेवायची. म्हणून फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. पण जुरेमाचा आवाज परत आला नाही.

ड्रम आदिल्सननं विकले. पुढे जुरेमानं लग्न केलं, मुलगी झाली, शिवणकाम सुरू केलं. ती कुजबुजते, तेवढंच. बाजारात भाव विचारताना मुलगी तिचे शब्द मोठ्यानं सांगते. वाल्दोमिरो गेल्यावर मी तिच्या या अंगणात आले आणि इथंच बसले.

आदिल्सन दर रविवारी येतो. बहिणीसाठी काही ना काही करत राहतो, नळ दुरुस्त कर, छप्पर शाकार. आता भाचीसाठी अंगणात एक खोली बांधायची म्हणतो. "हे धूड हलवलं की जागा होईल," असं म्हणून परवा त्यानं माझ्या पत्र्यावर थाप मारली. वाईट मनानं नाही बोलला. मला बघितलं की त्याला कुरितिबा आठवत असणार. जुरेमानं मान डोलावली. भावाचा शब्द ती मोडत नाही.

आदिल्सन, तुला ठाऊक नाही ते सांगते. दुपारी नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेली की तुझी बहीण माझ्यात येऊन बसते. दार लावते, काचा वर करते. आणि 'जादा पाळी' पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत गाते. बाहेर ऐकू येत नाही. आतही नुसती हवाच असते, शब्दांच्या आकाराची. लोंद्रिनात तिची गायची राहिलेली गाणीसुद्धा म्हणते, एकही गाळत नाही. घरात नाही गात, कुणी ऐकून कीव करेल म्हणून.

मला भंगारात जायचं दुःख नाही, पत्र्याचा पत्राच होणार. खोली जरूर बांध. पण शनिवारच्या आधी एकदा दुपारी ये, मागच्या बाकावर बस आणि तिचं गाणं संपेपर्यंत बोलू नकोस.