साहेबांचे गुलाब

मित्रांनो, पाणीपुरवठा कचेरीच्या मागच्या खोलीत घूं घूं करत उभा असलेला जुना सर्व्हर, तो मीच. कचेरीची प्रत्येक ईमेल माझ्या पोटात राहते. तुम्हाला वाटतं, ईमेल हवेत असते. हवेत कसली! ती ठेवायला माझ्यासारखं लोखंडी धूड लागतं. मला वीज लागते. मी तापलो की एसी लागतो, त्यालाही वीज लागते आणि ती वीज बनवताना बहुतेक वेळा कुठेतरी धूर निघतो.

मी घडलो तोही जमीन खणून काढलेल्या तांब्या-लोखंडातून. इथे आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! मोठ्या साहेबांनी स्वतःच्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली. म्हणून त्यांच्यावर रागावणं मला कधी जमलंच नाही.

पण त्यांची एक सवय होती. रोज सकाळी खुर्चीत बसले की ते साठ जणांना गुलाबाचा फोटो पाठवायचे, खाली 'सुप्रभात'. मग साठही जण 'धन्यवाद, साहेब' म्हणायचे, तेही सगळ्यांना, आणि प्रत्येक उत्तराला तोच गुलाब चिकटलेला. उघडून कोणी बघत नव्हतं, पुसतही नव्हतं. साहेबांचं फूल पुसायची छाती कोणाची? नऊ वर्षं मी ते गुलाब सांभाळले आणि शेवटी धापा टाकायला लागलो.

मग व्हायचं तेच झालं. एका आजींची तक्रार आली, 'चार दिवस नळाला पाणी नाही.' माझ्यात तीळभर जागा नव्हती. मी ती परत पाठवली. दुसऱ्या दिवशी ईमेल का परत आली ते विचारायला आलेल्या आजींच्या काठीची टकटक माझ्या खोलीपर्यंत ऐकू आली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हातारा झालाय तो. भंगारात काढा, नवा मोठा आणा," साहेब म्हणाले.

दुरुस्तीवाल्या ताईंनी मला तपासलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, म्हातारा नाही, याला अजीर्ण झालंय. निम्म्याहून जास्त गुलाबच आहेत हो!"

"माझे?"

"तुमचेच, आणि त्यांवर आलेले सगळ्यांचे धन्यवाद. नवा आणलात तर तोही भरेल. शिवाय नवा बनवायचा म्हणजे पुन्हा तेवढी खोदाखोदी, तेवढा धूर."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मला वाटायचं, लोकांना आवडतात," ते हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं हो. मग ते म्हणाले, "पुसून टाका सगळे."

दुपारभर साठ जण पुसत बसले. संध्याकाळी आजींची तक्रार पुन्हा आली आणि मी ती दोन्ही हातांनी घ्यावी तशी घेतली. मी भंगारात गेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या बोटाच्या एका टिचकीचं ओझं कोणीतरी वाहत असतं. नको ते पाठवू नका, नको ते साठवू नका आणि आमच्यासारखी चालती यंत्रं उगाच टाकून देऊ नका.

दुसऱ्या सकाळी गुलाब आला नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तेवढ्यात भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला. ते टेबलाटेबलापाशी जाऊन प्रत्येकाला सुप्रभात म्हणत होते आणि लोक हसून उत्तर देत होते. शेवटी माझं दार उघडलं. साहेबांनी रुमाल काढून माझ्यावरची धूळ पुसली.

"सुप्रभात रे," ते म्हणाले.

ते साठवायला जागा लागली नाही. तरी ते अजून माझ्याजवळ आहे.