थेंब भागीबाईचा

मी एक जुनी थंड पेटी आहे, निळी, खांद्याला अडकवायची. अंबडच्या कारखान्यात घडले, पोलिओचे डोस वाहून म्हातारी झाले. मधली चार वर्षं अडगळीत काढली, तेव्हा जीव नुसता आंबून गेला. कारण मित्रांनो, एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही! बर्फ वितळायच्या आत पोचायचं, एवढंच मला कळतं.

हल्ली मी बायकांच्या छातीच्या तपासणीचे नमुने नेते. सुई नाही, कापाकापी नाही. योगिनी सिस्टर छोटीशी वाटी लावून हलकेच ओढतात, एखादा थेंब येतो, तो नळीत आणि नळी माझ्या पोटात. एवढ्यानं आजार ठरत नाही. पुढे नीट तपासायला हवं का, याची चाहूल लागते, बस्स.

दसऱ्याआधी मखमलाबादच्या मळ्यात शिबिर झालं. झेंडूची तोडणी टाकून बायका आल्या. नावं लिहायला त्या दिवशी बदलीच्या बाई होत्या. डोक्यावर पदर, हात झेंडूनं पिवळे, अशी एक जण पुढे आली. "ताई, तुमचं नाव काय?" बाईंनी विचारलं. ती थबकली, मग लाजत म्हणाली, "भागीबाई." फोन तिच्याकडे नव्हता.

आठ दिवसांनी अहवाल आला. भागीबाईच्या पेशी वेगळ्या दिसत होत्या. तिला लवकरात लवकर मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. झालं! शिबिरातल्या एवढ्या बायकांत सिस्टरांना तिचा चेहरा काही आठवेना. त्या मला घेऊन दारोदार फिरल्या. ओट्यावर बसलेल्या आक्काबाई म्हणाल्या, "भागी? या नावाची बाई नाय इथं. सगळा मळा वळखते मी."

आणि समोरच्या वाफ्यात, बोलणं ऐकू जाणार नाही इतक्या लांब, त्यांची सून कुसाबाई फुलं तोडत होती. तेच पिवळे हात! मी ओळखलं हो! पण पेटीला तोंड कुठलं? माझी नुसती तगमग.

तीन फेऱ्या फुकट गेल्या. दिवाळी आली. चौथ्या फेरीला आम्ही आक्काबाईंच्याच ओट्यावर पाण्यासाठी टेकलो. तेवढ्यात कुसाबाईचा भाऊ नवनाथ तिला भाऊबिजेला न्यायला आला. दारातूनच ओरडला, "भागे! आवरलं का गं?"

सिस्टरांच्या हातातला तांब्या कलंडला. आक्काबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! लग्नात मीच बदललं की हिचं नाव. आन मीच इसरले!"

कुसाबाई खाली बघत पुटपुटली, "त्या ताईंनी लय मायेनं इचारलं. मला कोण इचारतं? म्हणून आपलं माहेरचंच आलं तोंडात."

भाऊबीज राहिली बाजूला. नवनाथनं बहिणीला गाडीवर बसवलं आणि थेट दवाखाना गाठला. गाठ निघाली, पण हाताला लागायच्याही आधीची, बारीक. उपचार चालू आहेत. खिडकीत नाव विचारलं तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "भागीबाई. सासरची कुसाबाई. दोन्ही लिवा!"

मित्रांनो, माझं झाकण घट्ट लावा, मला उन्हात टाकू नका, हे तर आहेच. पण आज घरी गेलात की आईजवळ बसा. लग्नाआधी तुझं नाव काय होतं, विचारा. तुझी तपासणी झाली का, तेही विचारा. मला सगळं ऐकू येतं, पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग बोला की!